नावातल्या चांदण्या

परक्या देशात येऊन उतरलेल्या प्रौढ माणसाला तिथली भाषा शिकवणे हे काम दिसते तितके सोपे नाही. मुलाची पाटी कोरी असते. चाळिशीतल्या माणसाची नसते. तिच्यावर एक भाषा, एक जगण्याची रीत आणि एक स्वाभिमान आधीच लिहिलेला असतो. तो न पुसता नवे अक्षर कसे गिरवून घ्यावे, हा प्रश्न समाजसेवेच्या क्षेत्रात वरचेवर चर्चिला जातो. ललित साहित्याने मात्र त्याला क्वचितच हात घातला आहे. म्हणूनच लिओ रोस्टेन यांच्या ‘द एज्युकेशन ऑफ हायमन कॅप्लन’ या पुस्तकाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. विनोदी पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे आणि ती सार्थ आहे. परंतु या विनोदाखाली एक गंभीर विचार वाहतो, आणि त्या विचारात एक मोठी पोकळीही आहे, असे आमचे मत आहे.

रोस्टेन यांचा जन्म १९०८ साली लोड्झ या पोलिश शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. ते शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. अगदी लहानपणीच ते आईवडिलांबरोबर शिकागोला आले. पुढे आर्थिक मंदीच्या काळात त्यांनी रात्रशाळेत प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवले. त्या अनुभवातून उमललेल्या कथा लिओनार्ड क्यू. रॉस या टोपणनावाने ‘द न्यू यॉर्कर’मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि १९३७ साली त्यांचे पुस्तक निघाले. १९५९ आणि १९७६ साली लेखक पुन्हा याच वर्गाकडे वळला. म्हणजे हा विषय त्याला जन्मभर पुरला.

कथानक म्हणावे असे पुस्तकात थोडेच आहे. दिवसभर कष्ट करून संध्याकाळी वर्गात येणारे स्त्री-पुरुष, श्री. पार्कहिल हे सौजन्यशील शिक्षक आणि सदैव हसतमुख असा चाळिशीतला विद्यार्थी कॅप्लन. त्याच्या कोटाच्या खिशाला दोन फाउंटन पेने असतात. आपले नाव तो साध्या शाईने लिहीत नाही. लाल अक्षरे, त्यांना निळी किनार आणि दोन अक्षरांच्या मधोमध एक हिरवी चांदणी, असा त्याचा थाट असतो. वाचक प्रथम हसतो. मग लक्षात येते की, या नव्या भाषेत या माणसाच्या पूर्ण मालकीची अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचे नाव. बाकी सारे शब्द उसनवारीचे. घरातल्या एकुलत्या एक दागिन्याला जपावे तसे तो ते नाव जपतो. साक्षरतेचा आरंभ बाराखडीपासून होत नसून ‘मी कोण’ हे स्वतःच्या हाताने लिहिण्यापासून होतो, हे लेखकाने कोणतेही भाष्य न करता केवळ या चांदण्यांतून सांगितले आहे.

पुस्तकाचा खरा गाभा कॅप्लनच्या चुकांत आहे. इंग्रजी क्रियापदांची तीन रूपे सांगताना अपयशाच्या क्रियापदाचे तिसरे रूप तो ‘दिवाळखोर’ असे देतो, तर मरणाच्या क्रियापदाचा शेवट अंत्यविधीत करतो. व्याकरणाच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे. पण अनुभवाच्या दृष्टीने त्याला खोटे कोण म्हणेल? अपयशाचा शेवट दिवाळखोरीत होतो, हे मंदीच्या त्या वर्षांत अमेरिकेतल्या गल्लीबोळांना ठाऊक होते. शेक्सपिअरच्या मॅकबेथचे एक स्वगत फळ्यावर लिहिले जाते, तेव्हा कॅप्लन ते जूलियस सीझरच्या तोंडी घालतो आणि तंबूत उद्याच्या विचाराने तळमळणारा सीझर वर्गापुढे उभा करतो. संदर्भ साफ चुकलेला आहे, पण उद्याची धास्ती त्याला अचूक समजली आहे. थोर पुरुषांविषयी बोलताना वॉशिंग्टन आणि लिंकन यांच्या पंक्तीला तो आपल्या परिचयाच्या एका साध्या, दयाळू दुकानदाराला बसवतो. पाठ्यपुस्तकातले मोठेपण त्याने ऐकले आहे. शेजारधर्मातले मोठेपण त्याने अनुभवले आहे. दोहोंची सांगड घालण्याचा त्याचा हा प्रयत्न आम्हांला पुस्तकातील सर्वांत हृद्य भाग वाटतो.

चूक म्हणजे अज्ञान नव्हे. अनेकदा ती पहिल्या भाषेने दुसऱ्या भाषेत टाकलेले पाऊल असते. वसईकर वाचकांना हे वेगळे सांगायला नको. घरात सामवेदी वा वाडवळी बोलणारे मूल शाळेत पहिल्यांदा पुस्तकी मराठी उच्चारते, तेव्हा वर्गात हशा पिकला तर ते मूल काय शिकते? प्रमाण मराठी नव्हे. ते गप्प बसायला शिकते. पार्कहिल यांच्या वर्गात कॅप्लन गप्प बसत नाही, हेच त्या शिक्षकाचे यश. प्रत्येक उत्तरानंतर ते क्षणभर थांबतात, या चुकीमागे कोणते तर्कशास्त्र आहे याचा विचार करतात आणि मगच दुरुस्ती करतात. दुरुस्ती आणि अपमान यांतील अंतर त्यांना कळते. नाताळच्या सुमारास हाच वर्ग आपल्या शिक्षकाला भेट देतो, आणि लेखक त्या कथेच्या शीर्षकात पूर्वेकडून भेटी घेऊन आलेल्या मागी लोकांची आठवण जागवतो. ज्यांना आपण घेणारे समजत होतो ते देणारे होतात. शिक्षण दान न राहता देवाणघेवाण होते.

येथवर आम्ही लेखकाशी सहमत आहोत. पण काही गोष्टी खटकतात. पहिली गोष्ट कुमारी मिटनिक यांच्याविषयी. वर्गातील ही सर्वांत अभ्यासू विद्यार्थिनी. ती लाजते, अडखळते आणि बहुधा बरोबर असते. तरीही वादात टाळ्या मिळतात त्या कॅप्लनच्या वक्तृत्वाला. लेखकाचे प्रेम बोलक्या पुरुषावर आहे. मान खाली घालून वही भरणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला सहानुभूती येते, प्रकाश येत नाही. वास्तवात मात्र रात्रवर्ग तग धरतात ते अशाच मुक्या चिकाटीच्या बळावर.

दुसरी गोष्ट लिपीची. कॅप्लनचे यिडिश वळणाचे उच्चार लेखकाने वेड्यावाकड्या स्पेलिंगमध्ये जसेच्या तसे उतरवले आहेत. ऐकताना जे केवळ परके वाटेल, ते कागदावर अडाणी दिसते. लेखक स्वतः त्याच समाजातला असल्यामुळे हे हसू घरातले राहते. तेच हसू बाहेरच्याच्या ओठांवर गेले की त्याची चेष्टा होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या वर्गाचे दार बंद असते. बाहेरचे जग आत फारसे येत नाही. वास्तविक, त्या काळी अक्षर हे केवळ ज्ञान नव्हते, ते फाटकही होते. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे आवश्यक ठरवले. १९१७ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील स्थलांतरितांना कोणत्या तरी एका भाषेतील तीस-चाळीस शब्द वाचून दाखवण्याची अट घातली. अध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरूनही तो कायदा संमत झाला. त्याच कायद्याने भारतासह आशियातील विस्तीर्ण प्रदेशातील लोकांना दार जवळजवळ बंद केले. आपल्या माणसाला तर वाचता येऊनही उपयोग नव्हता. पुढे १९२४ च्या कायद्याने पूर्व व दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची संख्याही फार कमी केली. म्हणजे हसतखेळत शिकणाऱ्या या वर्गाच्या पाठीमागे एक कडी घातलेला दरवाजा होता. विनोदाला त्याची नुसती सावली लाभली असती, तरी पुस्तकाचे वजन वाढले असते.

रोस्टेन ज्या शिकागोत वाढले, तेथेच जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली हल हाऊस ही संस्था स्थापन केली होती. तेथे इंग्रजीचे वर्ग भरत. पण ॲडम्स यांना एक वेगळेच दुःख दिसले. मुले झटपट इंग्रजी शिकत आणि मग आपल्या आईवडिलांची त्यांना लाज वाटू लागे. म्हणून १९०० साली त्यांनी श्रमाचे संग्रहालय उघडले. गावाकडून आणलेल्या कौशल्याने सूत कातणाऱ्या आया तेथे शिक्षिका झाल्या, आणि त्यांच्या मुलांनी त्यांच्याकडे नव्या नजरेने पाहिले. हा अनुभव ॲडम्स यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात नोंदवला आहे. कॅप्लनला मूल असते आणि ते त्याच्या उच्चारांवर हसले असते, तर? ही कथा रोस्टेन यांनी लिहिली नाही. आम्हांला तिची उणीव भासते.

तरीही हे पुस्तक आपल्या कुटुंबांनी वाचावे असे आम्ही आग्रहाने म्हणतो. आज आपल्या धर्मग्रामांतील मुलगे-मुली कॅनडात, ऑस्ट्रेलियात, आखातात जातात. कॅनडाने तर नवागतांसाठी सरकारी खर्चाने भाषावर्ग चालवण्याची योजना १९९२ सालीच सुरू केली. तिकडे आपल्या लेकीच्या उच्चारांना कुणी हसू नये असे आपल्याला वाटते. मग इकडे आपल्याच वाडीत भाड्याने राहणारा, मोडक्या मराठीत भाजीचा भाव सांगणारा परप्रांतीय बोलू लागला की आपण काय करतो?

पुस्तकाच्या अखेरीस कॅप्लन आपल्या शिक्षकाला कळवतो की, परीक्षेत उतरलो नाही तरी चालेल, हा वर्ग मला प्रिय आहे. या चिठ्ठीवर गुण देता येत नाहीत. पण ज्या वर्गाला अशी चिठ्ठी मिळते, त्या वर्गात आलेला माणूस पुन्हा परका राहत नाही.