‘हा नक्की कोण?’ : राजकीय कादंबरी आणि तिचा वाचक

राजकीय कादंबरीच्या वाट्यास येणारा वाचक इतर कादंबऱ्यांच्या वाचकाहून निराळा असतो. प्रेमकथेतील नायिका मुळात कोणत्या घरची, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पण कादंबरीत एखादा मुख्यमंत्री अवतरला, की दुसरे प्रकरण संपण्यापूर्वीच ‘हा नक्की कोण?’ हा प्रश्न उभा राहतो आणि पुस्तक मिटेपर्यंत तो वाचकाची पाठ सोडीत नाही. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ने (१९७७) हा प्रश्न जितका सोसला, तितका अन्य मराठी कादंबरीने क्वचितच सोसला असेल.

बेंगळुरात आम्ही काही मराठी वाचक महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो. गेल्या बैठकीस ‘सिंहासन’ आणि तिच्या आधीची ‘मुंबई दिनांक’ (१९७२) अशी दोन पुस्तके घेतली होती. त्या वेळी जी मते पडली, ती या कादंबऱ्यांविषयी जेवढे सांगतात त्याहून अधिक आम्हा वाचकांविषयी सांगतात, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले मत पुण्याहून मुलाकडे येऊन राहिलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे. त्यांच्यापाशी सगळ्या किल्ल्या तयार होत्या. ‘मुंबई दिनांक’ निघाली तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. १९६३ च्या अखेरीपासून १९७५ च्या आरंभापर्यंत ते त्या पदावर राहिले. तेव्हा कादंबरीतील मुख्यमंत्र्यांची प्रत्येक लकब त्यांनी त्या मापाने मोजून पाहिली. जे जुळले ते लेखकाचे धैर्य ठरले आणि जे जुळले नाही ती लेखकाची सावधगिरी! कामगारपुढारी डिकास्टा हा तर त्यांच्या मते सरळसरळ दत्ता सामंत. सामंतांच्या नेतृत्वाखालील गिरणी संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झाला, ही गोष्ट कोणी नजरेस आणून दिली, तेव्हा ते किंचित थबकले. पण मत बदलले नाही. येथे कुलूप आधी घडले होते आणि किल्ली मागाहून. तरीही ती चालते असे वाचकास वाटते, याचा अर्थ साधूंनी व्यक्तीपेक्षा जातकुळी रंगविली होती, असाच करावा लागेल. गंमत अशी, की हाच त्यांच्या कादंबरीचा मोठा गुण आहे आणि आमच्या या ज्येष्ठ मित्रांनी तो न ओळखता सिद्ध केला.

दुसरे मत एका तरुण संगणक अभियंत्याचे. त्याने पुस्तक अर्धेच वाचले होते. पण या दोन्ही कादंबऱ्यांवरून जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये काढलेला चित्रपट पाहिला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची. त्याच्या लेखी मुख्यमंत्री म्हणजे अरुण सरनाईक आणि दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले. नाईक, पाटील, चव्हाण ही नावे त्याच्या मनात कोणतेच चित्र उभे करीत नाहीत. त्याची तक्रार वेगळी होती. ‘यात भला माणूस एकही नाही,’ तो म्हणाला. मला ही तक्रार तितकी बिनतोड वाटत नाही. भला माणूस आहे. तो पत्रकार आहे, त्याला सर्व ठाऊक आहे आणि त्या ठाऊक असण्याचा काडीचाही उपयोग होत नाही. चित्रपटाच्या अखेरीस दिगू रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो, ते भलेपणाच्या अभावामुळे नव्हे.

‘ही कादंबरी नव्हे, वर्तमानपत्र आहे,’ हा आक्षेपही निघालाच. साधू पेशाने पत्रकार, तेव्हा तो ठरलेलाच होता. त्यात तथ्य आहे. पात्रे आपापल्या हुद्द्यासह प्रवेश करतात आणि बहुधा हुद्द्यासहच बाहेर जातात. घरांतील प्रसंग सचिवालयातील प्रसंगांपुढे फिके पडतात. परंतु वर्तमानपत्र एका दिवशी एक बातमी एका रकान्यात देते. गटबाजी, संप, तस्करी आणि मंत्र्याच्या घरातील धुसफूस हे सारे एकाच रात्री, एकाच शहरात, एकमेकांस टेकून चाललेले असते, हे दाखविण्यास कादंबरीच हवी. मी कचेरीत बारा वर्षे टिपण्या लिहिल्या आहेत. एका मेजावरून निघालेल्या कागदाचे तिसऱ्या मेजावर काय होते, हे पहिल्या मेजास कधीच कळत नाही. साधूंना ते कळले होते.

आता आमच्या शहराकडे वळतो, कारण ‘हा नक्की कोण?’ या प्रश्नाची खरी परीक्षा मला येथे पाहावयास मिळाली. यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘अवस्थे’ (१९७८) ही कादंबरी माझे कानडी सहकारी याच रीतीने वाचतात. तिचा नायक कृष्णप्प गौड हा शेतकऱ्यांचा पुढारी अर्धांगवायूने अंथरुणास खिळलेला आहे. पक्षांतराच्या गणितातून मुख्यमंत्रिपद त्याच्या उशाशी चालून येते आणि तो मागचे आयुष्य आठवीत राहतो. माझ्या सहकाऱ्यांस यात काही कोडेच नाही: हे शांतवेरी गोपाल गौड. १९५१ च्या कागोडू सत्याग्रहातून पुढे आलेले आणि १९५२ मध्ये विधानसभेत निवडून गेलेले हे समाजवादी नेते १९७२ मध्ये निवर्तले. एक सहकारी तर या पुस्तकावर आजही रुसून आहेत. कृष्णप्पाच्या संसारातील त्रागा त्यांनी आपल्या नेत्याच्या खाती लिहिलेला पाहिला. मी कानडी अक्षराअक्षरावर बोट ठेवून वाचणारा. माझ्यापाशी किल्ली नव्हती. मला तेथे फक्त एक माणूस दिसला, ज्याला आयुष्यभर तिरस्करणीय वाटलेल्या मार्गानेच सत्ता हाती येत होती. माझे वाचन अधिक श्रेष्ठ होते असा दावा नाही. गोपाल गौडांचा प्रामाणिकपणा ज्यांनी पाहिला, त्यांना त्या प्रलोभनाचे वजन माझ्याहून अधिक जाणवले असेल. पण रुसण्याची पाळी माझ्यावर आली नाही.

हाच न्याय उलट लावून पाहावा. बेंगळुरात जन्मलेला मराठी वाचक ‘सिंहासन’ हाती घेतो, तेव्हा तो किल्लीवाचूनच आत शिरतो. फ्रेंच भाषेत अशा पुस्तकास ‘किल्लीची कादंबरी’ असेच नाव आहे. अमेरिकेत १९९६ च्या जानेवारीत ‘प्रायमरी कलर्स’ ही बिल क्लिंटन यांच्या १९९२ च्या प्रचारमोहिमेवर बेतलेली कादंबरी निनावी प्रसिद्ध झाली, तेव्हा ‘नायक कोण’ हे सर्वांस ठाऊकच असल्याने वाचकांनी ‘लेखक कोण’ याचा शोध आरंभिला. जो क्लाइन या पत्रकाराने आधी इन्कार केला आणि त्याच वर्षी जुलैत कबुली दिली. त्या सहा महिन्यांत कादंबरीविषयी किती बोलले गेले आणि कादंबरीतील प्रचाराविषयी, म्हणजे मते मागताना माणसाचे काय होते याविषयी, किती, हा हिशेब कोणी मांडला तर उद्बोधक होईल.

प्रचाराचा विषय निघालाच आहे, तर बैठकीतील चौथे मत सांगतो. ते एका शिक्षिकाबाईंचे. त्यांचे शिक्षण कानडीत झाले, मराठी घरात शिकलेली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘यात मत देणारा माणूस कोठे आहे?’

पुणेकरांनी तत्काळ उत्तर दिले, की ही सत्तास्पर्धेची कादंबरी आहे, निवडणुकीची नव्हे. कट शिजतो तो दोन निवडणुकांच्या मधल्या काळात आणि तेव्हा मोजायचे असतात ते आमदार. ‘सिंहासन’पुरते हे उत्तर बरोबर आहे. पण बाईंचा प्रश्न एका पुस्तकापुरता नव्हता. माडखोलकरांच्या ‘मुक्तात्म्या’पासून (१९३३) मराठी राजकीय कादंबरी दिवाणखान्यात अधिक रमली, मैदानात कमी. साधूंनी तिला दिवाणखान्यातून उचलून सचिवालयात आणले, हे त्यांचे ऋण. तथापि, मैदान दूरच राहिले. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने (१९९४) गाव, संस्था आणि कार्यकर्ता यांना जागा दिली, म्हणून ती पुढील बैठकीस घ्यावी असे मी सुचविले आहे.

मला हा प्रश्न लागला, याचे कारण व्यक्तिगत आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ यांतील पाचव्या नियमान्वये मला मत देता येते. पण ते कोणास दिले वा देणार, याची खूणही दाखविता येत नाही. घरावर वा वाहनावर पक्षाचे चिन्ह लावता येत नाही. निवडणुकीचे काम मात्र नेमून दिले तर करावेच लागते. मतदान केंद्रावर मी दिवसभर लोकांच्या बोटांस शाई लावली आहे. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या कारखान्यातून साऱ्या देशास जाते. शेकडो बोटे पाहिली. कष्टाने चिरलेली, मेंदीची, थरथरणारी. त्यांतील एकाच्याही मनात काय होते, हे मला विचारता येत नव्हते आणि माझ्या मनातले सांगता येत नव्हते. माझ्यासारख्यास राजकारणावर मोकळेपणी बोलण्याची जागा उरते ती कादंबरीत. तेथेही आम्ही केवळ नावे ओळखण्याचा खेळ खेळत बसलो, तर ती जागाही गेली.

मराठी प्रचाराचे वाङ्मयच नाही, असे मात्र नाही. ते कादंबरीबाहेर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आणि १९५७ च्या निवडणुकीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांनी डफावर जे उभे केले आणि आचार्य अत्र्यांच्या ‘मराठा’ने जे छापले, त्यात मत देणारा माणूस पुरेपूर होता, तो समोरच बसलेला होता. तो आवाज कादंबरीत उतरला, तर ‘हा नक्की कोण?’ असे विचारण्यास वाचकास उसंत मिळणार नाही.

हे मी बैठकीत बोलून दाखविले, तेव्हा आमच्यातील बेळगावकर मित्र प्रथमच सरसावून बसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचे गाव म्हैसूर राज्यात गेले आणि काही महिन्यांतच ही निवडणूक आली. त्यांच्या आजोबांनी गावोगाव सायकलवर हिंडून केलेल्या प्रचाराच्या गोष्टी त्यांच्या घरी अजून सांगितल्या जातात. त्यांनी त्या अर्धा तास सांगितल्या: कोणी भाकरी दिली, कोणी दार लावून घेतले, सभेत कंदील कोणी धरला. त्यांतील एकही नाव आम्हांपैकी कोणाच्या ओळखीचे नव्हते आणि पुणेकरांनीही कोणी कोण असे विचारले नाही.