दुष्काळाचे दृश्य आणि द्रष्ट्याची जबाबदारी

युद्धाला वा फाळणीला निदान तारीख असते; दुष्काळाला ती नसते. तो पावलापावलाने येतो आणि ज्यांच्यावर येतो त्यांना त्याचे कारण सर्वांत शेवटी कळते. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने कलावंतांपुढे टाकलेला पेच हाच आहे.

विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ‘अशनि संकेत’ ही कादंबरी या दुष्काळाच्या लगत लिहिली गेली. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तिथून येणारा तांदूळ थांबला. खेड्यात पौरोहित्य व शिक्षकी करणाऱ्या गंगाचरणाच्या लेखी मात्र युद्ध ही दूरची वदंता आहे. त्याला कळतो तो तांदळाचा चढता भाव. पात्रांच्या या अज्ञानाशी लेखक प्रामाणिक राहतो, यातच कादंबरीचे सामर्थ्य आहे.

सत्यजित राय यांनी १९७३ मध्ये या कादंबरीवर रंगीत चित्रपट केला. त्यातील हिरवाईवर सौंदर्यलोलुपतेचा आक्षेप घेतला गेला; तो वरवरचा आहे. निसर्ग भरात असताना माणसे अन्नावाचून मरतात, हेच या दुष्काळाचे स्वरूप होते. अन्न असणे आणि ते मिळवण्याची ऐपत असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये या दुष्काळाच्या आधारे मांडले. राय यांची हिरवाई ते आधीच सुचवते. चित्रपट डळमळतो तो अखेरीस. पडद्यावर पन्नास लाखांहून अधिक बळींचा आकडा येतो, दुष्काळ मानवनिर्मित म्हटला जातो. परंतु तो निर्माण करणारी माणसे कोण, हा प्रश्न त्या आकड्याखाली झाकला जातो.

मृणाल सेन यांच्या ‘अकालेर संधाने’ (१९८०) मध्ये १९४३ वर चित्रपट काढण्यासाठी एक चमू खेड्यात उतरतो. स्मिता पाटील येथे स्मिता या अभिनेत्रीच्याच भूमिकेत आहेत. जुनी छायाचित्रे पाहून ती कोणत्या दुष्काळाची, हे ओळखण्याचा खेळ रंगतो. चमूच्या खरेदीने गावातले भाव चढतात. दुष्काळ चित्रित करायला आलेले लोक तो थोडाफार घडवूनच जातात. चित्रीकरण गावात पूर्ण होत नाही.

या अपूर्णतेत प्रामाणिकपणा आहे, पण कलावंताची अपराधी जाणीवही अखेर त्याचीच असते. चमू परततो, गावातली दुर्गा मागे उरते. उत्पाताच्या कलेची कसोटी तिच्यापाशी लागते: दुःख किती दाखवले यापेक्षा, दाखवणारा कोठे उभा होता आणि केव्हा निघून गेला, यावर.