स्वप्नात शंका कुणाला येते?

आमचा जुन्या नाशकातला वाडा पाडून अकरा वर्षं झाली. तिथे आता चार मजली इमारत आहे आणि तळाला पार्किंग. तरी महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या वाड्याचा जिना चढते. अंधारा, दोर धरून चढायचा जिना. वर आजी मटार सोलत बसलेली असते. ती तर वाड्याच्याही आधी गेली. कधी कधी तिच्या शेजारी माझी ऑफिसातली बॉस बसलेली असते, तीही मटार सोलत. मला यातलं काहीच खटकत नाही. मटार पुरतील की नाही, एवढीच काळजी असते.

जाग आल्यावर स्वतःचं हसू येतं. पाडलेला वाडा, गेलेली आजी, दोघींची कधी गाठच न पडलेली. एवढं सगळं समोर असताना मला शंका कशी आली नाही?

प्रयोगशाळेतलं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे. १९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा नोंदवला, ज्यात मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात. सगळ्यात ठसठशीत स्वप्नं बहुधा याच टप्प्यात पडतात. पुढे नव्वदच्या दशकात मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की या वेळी भावनांशी निगडित भाग जोरात चालू असतात आणि कपाळामागचा, जागेपणी ताळा घेणारा भाग मंदावलेला असतो. म्हणून आजीला बघून गहिवरून येतं, पण ‘ही तर गेली ना?’ असं विचारणारा कारकून रजेवर असतो.

हे उत्तर मला पटतं, पण पुरत नाही. कारण तो कारकून जागेपणी तरी कुठे टेबलावर असतो? १९९७ साली डॅनियल लेव्हिन आणि डॅनियल सायमन्स यांनी काही लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. एक माणूस बसलाय, फोन वाजतो, तो उठतो. कट. पुढच्या शॉटमध्ये फोन घेतो तो माणूस दुसराच. तीनपैकी साधारण दोघांच्या हे लक्षातच आलं नाही. बघणारे टक्क जागे होते. पण आपण जग क्षणाक्षणाला तपासत नसतो; ते सलग आहे असं धरून चालतो. जागेपणी हे खपून जातं, कारण जग खरोखरच बऱ्यापैकी सलग असतं. स्वप्नात सवय तीच राहते, जग तेवढं बदलतं.

आपल्या सिनेमांनी ही सवय फारशी ओळखलेली नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. स्वप्न दाखवायचं म्हटलं की धूर सोडायचा, कडा धूसर करायच्या, आवाज घुमवायचा. ही जाग्या माणसाची स्वप्नाबद्दलची कल्पना झाली. माझ्या स्वप्नात धूर नसतो. पायऱ्या नेहमीइतक्याच उंच असतात, मटार नेहमीसारखेच हिरवे. आपण स्वप्न आहोत हे स्वप्न कधी सांगत नाही. धुराचा प्रसंग मात्र पहिल्या सेकंदाला सांगून टाकतो, आणि मग त्यात फसण्यासारखं काही उरत नाही.

स्वप्नाच्या जवळ जाणारा सिनेमा मला सापडला तो आमच्याच गावचा आणि शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकातच वारले. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांना बाईच्या भूमिकेला बाई मिळेना. तेव्हा मुंबईच्या ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर रामही साळुंके आणि सीताही साळुंकेच. ज्या देहानं राम होऊन विरहात झुरायचं, त्याच देहानं सीता होऊन अशोकवनात बसायचं. स्वप्नाचा हिशेब नेमका असाच असतो: माणूस एक, जागा दोन, आणि कुणाचीच हरकत नाही. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असं सांगतात.

ते भाबडे होते, म्हणून आपण मोकळे होतो. मला ते मान्य नाही. ‘कालियामर्दन’ बघा. १९१९चा हा मूकपट बराचसा शिल्लक आहे आणि फोनवर बघता येतो. त्यात फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. पण सुरुवातीला फाळके तिला कृष्ण म्हणून आणतच नाहीत. सात वर्षांच्या मुलीचा मुद्राभिनय, असं सांगून ते नुसता तिचा चेहरा दाखवतात आणि त्यावरचे बदलते भाव. मग आपल्या डोळ्यांदेखत त्या मुलीचा कृष्ण होतो. फाळके जादूचे प्रयोगही करत. जादूगार आधी बाह्या वर सारून हात रिकामे असल्याचं दाखवतो, तसं हे झालं.

त्या सिनेमात आज खटकण्यासारखं पुष्कळ आहे. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही, हातवारे नाटकी आहेत, पाण्याखालची झुंज लांबते आणि कालिया खोटा आहे हे लहान मूलही सांगेल. तरी कृष्ण पाण्याबाहेर येईपर्यंत मी जागची उठले नाही. ही मुलगी आहे हे मला माहीत होतं. खुद्द दिग्दर्शकानंच सांगितलं होतं. माहिती पुसली गेली नव्हती, हाताशी फळीवर ठेवलेली होती. थिएटरात शेजारी कुणी खोकला, कुणाचं पोर रडलं, की आपण ती पुन्हा उचलतो. फाळक्यांचे प्रेक्षकही घोळक्यानं बसत. वहाणा काढणाऱ्याच्या शेजारी एखादा तरी हसणारा असणारच.

स्वप्नात ही फळी नसते, असं मला वाटायला लागलं ते एका वेगळ्याच प्रसंगावरून.

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या ग्रुपवर ‘जुनं नाशिक’ नावाचा एक व्हिडिओ आला. कृष्णधवल. गोदाघाट, धुणं धुणाऱ्या बाया, छत्रीवाले म्हातारे. मी तो रात्री पांघरुणात, इअरफोन लावून तीनदा पाहिला. डोळे भरून आले. आजी याच घाटावर येत असेल, असं लिहून मी तो पुढे सात जणांना पाठवलासुद्धा. सकाळी आत्याचा फोन. ती लग्न होईपर्यंत वाड्यातच वाढलेली. म्हणाली, “अगं, तो मारुती नीट बघितलास का?”

बघितला होता. बाहेरगावच्यांसाठी सांगते: गोदेच्या पात्रात आमचा दुतोंड्या मारुती उभा आहे. एक तोंड पुढे, एक मागे. पाणी त्याच्या कमरेला लागलं, की छातीला, यावर अख्खं गाव पुराचा अंदाज बांधतं. व्हिडिओत कॅमेरा त्याच्याभोवती सावकाश फिरत मागे जातो, आणि मागे नुसती पाठ. सपाट, गुळगुळीत पाठ. व्हिडिओ यंत्रानं बनवलेला होता.

मी जन्मापासून तो मारुती बघत आले आहे. सिनेमावर लिहिते, कट मोजते. तीन वेळा बघूनही मला ते दिसलं नाही, आत्याला पहिल्याच फटक्यात दिसलं. ती जास्त हुशार आहे म्हणून नव्हे. माझं रडू मला हवं होतं. तिला त्यातून काही मिळवायचं नव्हतं.

शंका अशी बहुतेक वेळा दुसऱ्याकडून येते. स्वप्नात दुसरं कुणी नसतंच. आजी मीच, बॉस मीच, मटारही माझेच. सगळी मंडळी माझ्या बाजूची. तिथे कोपरखळी मारणार कोण?

आपण स्वप्नात आहोत हे ओळखणारे लोकही असतात. अशा जागत्या स्वप्नांना फ्रेडरिक व्हॅन एडन या डच लेखकानं नाव दिलं ते १९१३ साली, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याच वर्षी. एक युक्ती ते सांगतात: पाटी एकदा वाचायची, नजर हटवायची, परत वाचायची. स्वप्नातली पाटी बहुधा बदललेली असते. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो १९७५चा प्रयोग. इंग्लंडात हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्यासमोर झोपलेल्या माणसानं स्वप्नातून खूण पाठवली: आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून. यंत्रावर त्या रेघा उमटल्या. खूण पाठवता आली, कारण बाहेर तिची वाट बघत कुणी बसलेलं होतं.

फोनवर बघताना मात्र असं कुणी बसलेलं नसतं. यूट्यूबवर १९१३चा म्हणून जो ‘राजा हरिश्चंद्र’ आपण बघतो, तोसुद्धा फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. खाली तारीख लिहिलेली असते, आपण ती वाचतो आणि पुढे सरकतो. अंधारी खोली, एकच उजेड, कानात बोळे, आणि पुढे काय दिसावं ते आपल्याच आवडीनिवडीवरून ठरलेलं. थिएटरपेक्षा हे स्वप्नाच्या कितीतरी जवळचं आहे. फाळके निदान आधी मुलगी दाखवत होते.

त्या सात जणांना मी चूक कळवली. दोघांनी अंगठा पाठवला. एक मावसभाऊ म्हणाला, “असू दे गं, छान होता.” आता असलं काही आलं की मी आधी आत्याला पाठवते.

जिन्याचं स्वप्न परवा पुन्हा पडलं. ते आत्याला पाठवायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर तिथे मला ती नकोच आहे. ते स्वप्न कुणी माझ्यासाठी बनवून पाठवलेलं नसतं, त्यातून कुणाचं काही साधत नाही. आजी मटार सोलत होती. मी शेजारी बसले आणि एक शेंग उचलली.