दहाच्या घातांची सफर आणि राहून गेलेला ‘कशावरून?’

खगोलशास्त्रावरील शैक्षणिक चित्रपटांची यादी करायची झाली, तर ‘पॉवर्स ऑफ टेन’ हे नाव तिच्यात बरेच वर येईल. जेमतेम नऊ मिनिटांचा हा चित्रपट चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९७७ साली आयबीएम कंपनीसाठी तयार केला. निवेदन फिलिप मॉरिसन या भौतिकशास्त्रज्ञाचे आहे. ईम्स दांपत्य आपल्याला आणखी एका कारणाने जवळचे आहे. १९५८ साली त्यांनी भारत सरकारला एक अहवाल सादर केला होता. त्याच्या प्रेरणेने १९६१ साली अहमदाबादची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन ही संस्था उभी राहिली.

हा चित्रपट आज मोबाइलवरही पाहता येतो आणि अनेक शिक्षक तो वर्गात दाखवतात. म्हणूनच तो काय शिकवतो आणि काय शिकवत नाही, हे नीट तपासून पाहायला हवे.

चित्रपटात काय आहे?

शिकागो शहरात तळ्याकाठच्या एका बागेत एक जोडपे सहलीला आले आहे. कॅमेरा वरून त्यांच्याकडे पाहतो आहे. सुरुवातीची चौकट एक मीटर रुंदीची आहे. दर दहा सेकंदांनी कॅमेरा दहापट दूर जातो आणि चौकटही दहापट रुंद होते. १० मीटर, १०० मीटर, १ किलोमीटर अशी ही चढण आहे. सातव्या उडीला संपूर्ण पृथ्वी चौकटीत मावते, नवव्या उडीला चंद्राची कक्षा. तेराव्या उडीपर्यंत सूर्यमाला आटोपते. सोळाव्या उडीला चौकट सुमारे एक प्रकाशवर्ष रुंद होते, एकविसाव्या उडीला आपली आकाशगंगा पूर्ण दिसते आणि चोविसाव्या उडीला, म्हणजे सुमारे दहा कोटी प्रकाशवर्षांवर, कॅमेरा थांबतो. मग तो वेगाने परत येतो, झोपलेल्या माणसाच्या हातात शिरतो आणि पेशी, रेणू, अणू असे करत कार्बनच्या अणुकेंद्रातील प्रोटॉनपर्यंत पोहोचतो.

मूळ कल्पना ईम्स यांची नाही. ती एका शिक्षकाची आहे. हॉलंडमधील बिल्टहोवन येथे १९२६ साली स्वतःची प्रयोगशील शाळा काढणारे केस बूके यांनी १९५७ साली ‘कॉस्मिक व्ह्यू’ नावाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. शाळेतील मुलांबरोबर केलेल्या कामातून ते वाढले होते. चाळीस उड्यांमध्ये विश्व, अशी त्याची मांडणी आहे. शाळेच्या अंगणात खुर्चीवर बसलेली, मांडीवर मांजर घेतलेली एक मुलगी हे त्यातले पहिले चित्र.

गुण कोणते?

चित्रपटाचे पहिले मोठे यश म्हणजे त्याने ‘शून्य’ डोळ्यांना दाखवले. पाठ्यपुस्तकात १०चा ११ वा घात आणि १०चा १२ वा घात हे एकाखाली एक छापलेले असतात आणि विद्यार्थ्याला त्यांत ‘एकाचा’ फरक वाटतो. इथे तो एक वाढला की काय होते, हे मूल स्वतः पाहते. घातांक शिकवणाऱ्या गणिताच्या शिक्षकानेही तो दाखवावा, इतका तो स्पष्ट आहे.

दुसरे यश सलगतेचे आहे. ग्रह, तारे, दीर्घिका हे आपल्या पुस्तकांत वेगवेगळे धडे असतात. ‘दीर्घिका’ ही ताऱ्यांच्या पलीकडे असलेली काहीतरी निराळी वस्तू आहे, असा समज त्यामुळे होतो. चित्रपट पाहणाऱ्या मुलाला आपला सूर्य हा त्या ताऱ्यांतलाच एक आणि ते तारे दीर्घिकेतलेच, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिसरे म्हणजे निवेदन संयमी आहे. विश्व बहुतांश रिकामे आहे आणि आपल्या शेजारची दाटी हा अपवाद आहे, हे ते स्पष्ट सांगते.

आक्षेप

आता उणिवा पाहू. पहिली उणीव वेगाची. प्रत्येक उडीला दहा सेकंद हा नियम सोयीचा आहे. पण त्यामुळे कॅमेरा एकसारख्या गतीने चालला आहे असा भास होतो. साधा हिशेब करून पाहावा. नवव्या उडीपासून दहाव्या उडीपर्यंत कॅमेरा दहा सेकंदांत ९० लाख किलोमीटर जातो. तेवढ्या वेळात प्रकाश जातो ३० लाख किलोमीटर. म्हणजे चंद्राची कक्षा ओलांडल्याबरोबर कॅमेऱ्याने प्रकाशालाही मागे टाकले. शेवटच्या दहा सेकंदांत तर तो सुमारे साडेनऊ कोटी प्रकाशवर्षे पार करतो. हा प्रवास नाही, ही निव्वळ मोजपट्टी बदलणे आहे. हे सांगितले नाही, तर दीर्घिका ‘चार मिनिटांच्या अंतरावर’ राहतात. देवयानी दीर्घिकेचा आज दिसणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, हे कालाचे भानही या सफरीत हरवते.

दुसरी उणीव आकारांची. १०चा १३ वा घात मीटर रुंदीची चौकट एक मीटर रुंद पडद्यावर दाखवली, तर त्यात सूर्य जेमतेम ०.१४ मिलिमीटरचा होईल आणि पृथ्वी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. म्हणजे ती दिसणारच नाही. चित्रपटात कक्षांच्या रेषा काढल्या आहेत. त्या नसत्या तर पडदा काळाच राहिला असता, त्यामुळे ही सोय क्षम्य आहे. पण आकाशात अशा रेषा नाहीत आणि ग्रह इतके जवळजवळ नाहीत, हे शिक्षकाने सांगायला हवे. आपल्या भिंतीवरच्या तक्त्यांची स्थिती याहून वाईट आहे. त्यांत गुरू आणि शनी एकमेकांना खेटून उभे असतात.

तिसरी उणीव केंद्राची. बूके यांनी मुलीपासून सुरुवात केली, ती शिक्षक म्हणून योग्यच होती. मूल स्वतःपासूनच जग ओळखू लागते. परंतु चोवीसच्या चोवीस चौकटींच्या मध्यभागी तीच बाग राहते. पाहणाऱ्याच्या मनात, नकळत, पृथ्वी पुन्हा विश्वाच्या मध्यावर येऊन बसते. दुसऱ्या एखाद्या दीर्घिकेतून सुरुवात केली असती, तरी शेवटची चौकट साधारण अशीच दिसली असती, ही गोष्ट वर्गात अवश्य बोलावी.

मुख्य प्रश्न

वरचे तीनही आक्षेप एखाद्या वाक्याने दूर होतील. चौथा मात्र मुळाशी जाणारा आहे. कॅमेरा तिथे जाऊन आल्यासारखा वागतो. प्रत्यक्षात कोण कुठवर गेले आहे?

ज्या १९७७ साली हा चित्रपट पूर्ण झाला, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात व्हॉयेजर-१ हे यान सुटले. मानवाने पाठवलेली सर्वांत दूरची वस्तू आज तीच आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून तिने मागे वळून पृथ्वीचे छायाचित्र घेतले. त्यात पृथ्वी छायाचित्रातल्या एका बिंदूपेक्षाही लहान होती. २०२५ साली हे यान सुमारे २५०० कोटी किलोमीटरवर होते. मीटरमध्ये सांगायचे तर अडीच गुणिले १०चा १३ वा घात. चित्रपटाच्या भाषेत, जवळजवळ पन्नास वर्षांत आपण तेरावी उडी ओलांडून थोडेसेच पुढे गेलो आहोत.

याचा अर्थ असा, की चौदा ते चोवीस या अकरा उड्यांमधले प्रत्येक चित्र कोणीही तिथे न जाता काढलेले आहे. आपल्या आकाशगंगेचे बाहेरून काढलेले छायाचित्र अस्तित्वात नाही, असू शकत नाही. चित्रपटातले चित्र आणि तक्त्यावरचे ‘आपण येथे आहोत’ असा बाण दाखवणारे चित्र, दोन्ही अनुमानाने काढलेली आहेत. अनुमान पक्के आहे. पण ते कसे केले याबद्दल चित्रपट अवाक्षरही काढत नाही. खगोलशास्त्राचे खरे कर्तृत्व इथेच आहे. जागेवर बसून, येणाऱ्या प्रकाशावरून या शास्त्राने ही अंतरे मोजली.

पहिली पायरी पराशयाची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसला पाहिजे. हे सरकणे शतकानुशतके कोणाला सापडले नव्हते. १८३८ साली बेसेल यांनी हंस तारकासमूहातील ६१ क्रमांकाच्या ताऱ्यासाठी ते मोजले. पराशय आला सुमारे ०.३१ विकला. अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे सोळा किलोमीटरवरून पाहिले, तर डोळ्याशी एवढा कोन होईल. त्यावरून अंतर आले सुमारे १०.३ प्रकाशवर्षे. आजचा आकडा ११.४ आहे. गाया या यूरोपीय उपग्रहाने २०१४ ते जानेवारी २०२५ या काळात शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची निरीक्षणे केली, ती याच तत्त्वावर.

पराशय संपतो तिथे दुसरी पायरी सुरू होते. हार्वर्ड वेधशाळेतील हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली लहान मॅगेलनी मेघातील २५ रूपविकारी ताऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रकारच्या ताऱ्यांना सेफीड म्हणतात. त्यांचे तेज ठरावीक कालावधीने कमीजास्त होते. समोरच्या डोंगरावरील गावातले दिवे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, म्हणून त्यांतला जो तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी असतो. त्याचप्रमाणे या मेघातल्या ताऱ्यांची तुलना करता आली आणि ज्याचा कालावधी मोठा, तो तारा मुळातच अधिक तेजस्वी, असे दिसून आले. आता कालावधी मोजला की खरे तेज कळते आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून पाहिले की अंतर निघते.

१९२३ साली एडविन हबल यांना देवयानीत असा तारा सापडला. त्यावरून आलेले अंतर सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे होते. देवयानी आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे, हे त्याने सिद्ध झाले. पण आकडा चुकीचा होता. सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली दाखवून दिले आणि ते अंतर एकदम दुपटीहून अधिक झाले. आज आपण २५ लाख म्हणतो. चित्रपटात बाविसाव्या उडीला हे सारे दहा सेकंदांत निघून जाते.

वर्गात याचे महत्त्व

हा आक्षेप केवळ इतिहासाच्या आवडीपोटी घेतलेला नाही. आपला विद्यार्थी सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे हे पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. त्याच्या घरी वर्तमानपत्रात राशिभविष्यही येते. त्याच्या दृष्टीने दोन्ही छापील, दोन्ही मोठ्या माणसांनी सांगितलेली. एकावर विश्वास ठेव आणि दुसऱ्यावर ठेवू नको, असे आपण त्याला कोणत्या आधारावर सांगणार? फरक एवढाच, की पहिल्या विधानाला ‘कशावरून?’ असे विचारता येते आणि उत्तर मिळते. शिवाय ते उत्तर चुकीचे ठरले तर बदलले जाते. हा फरक शिकवला नाही, तर विज्ञानाचे पुस्तक ही आणखी एक पोथी होते. सुंदर चित्रपट हा धोका वाढवतो, कारण पडद्यावर डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल कोणी शंका घेत नाही.

बूके यांचे पुस्तक या बाबतीत चित्रपटापेक्षा उजवे वाटते. पुस्तकात चित्रासोबत मजकूर आहे आणि मूल हवे तितका वेळ एका पानावर थांबू शकते. मागे जाऊ शकते, मोजू शकते, विचारू शकते. चित्रपट थांबत नाही. तेव्हा त्याला थांबवण्याचे काम शिक्षकाचे.

त्यासाठी दोन तासिका पुरतील. पहिल्या तासिकेत चित्रपट मध्ये काही न बोलता पूर्ण दाखवावा. दुसऱ्या तासिकेत सातव्या, तेराव्या, सतराव्या आणि बाविसाव्या उडीला थांबवून प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा: हे कशावरून? सातव्या उडीला एराटोस्थेनिसने सावलीवरून काढलेला पृथ्वीचा परीघ आठवावा. तेराव्या उडीला शुक्राच्या अधिक्रमणाची आठवण सांगावी. १७६१ व १७६९ सालच्या अधिक्रमणांवरून सूर्याचे अंतर काढले गेले. आपल्यापैकी अनेकांनी २००४ आणि २०१२ साली ती घटना प्रत्यक्ष पाहिली असेल. सतराव्या उडीला, म्हणजे दहा प्रकाशवर्षांच्या चौकटीशी, बेसेल आणि बाविसाव्या उडीला लेव्हिट व हबल.

पराशयासाठी मुलांना मैदानावर न्यावे. वीस मीटरवर काठी रोवावी. एकमेकींपासून दोन मीटर अंतरावरच्या दोन खुणांवरून ती पाहावी आणि लांबच्या टेकडीच्या पार्श्वभूमीवर ती किती सरकते, ते हात लांब करून बोटांनी मोजावे. हे सरकणे पावणेसहा अंशांच्या आसपास, म्हणजे तीन बोटांहून थोडे जास्त येईल. मग काठी ऐंशी मीटरवर न्यावी. आता सरकणे दीड अंशाहूनही कमी, साधारण करंगळीएवढे होईल. काठीपर्यंतचे अंतर टेपने न मोजता मुलांनीच काढावे आणि नंतर टेप लावून पडताळावे. आलेले उत्तर थोडे चुकले तर ते खोडू नये. का चुकले, याची चर्चा करावी.

एवढे झाल्यावर चित्रपट पुन्हा एकदा दाखवावा. या वेळी सतरावी उडी आली, की मैदानावरची काठी मुलांना आठवेल, आणि पुढच्या उडीला ती स्वतःच ‘कशावरून?’ असे विचारतील.