स्नीकर, कलावंत आणि फर्मा

रबरी तळाचा आणि कापडी किंवा चामडी अंगाचा हलका बूट म्हणजे स्नीकर. चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट १८४४ मध्ये घेतले आणि असा बूट कारखान्यात बनवण्याची वाट मोकळी झाली. बास्केटबॉलसाठीचा कॉन्व्हर्सचा ‘ऑल स्टार’ १९१७ चा. त्यानंतरही कित्येक दशके या बुटाकडे कोणी रचनाकलेची वस्तू म्हणून पाहिले नाही. तो घडवणारे एकतर बुटांच्या धंद्यातले असत, नाहीतर खेळाच्या मैदानावरचे. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराख या छोट्या गावात डासलर बंधूंचे फाटले आणि त्यातून पुमा (१९४८) व आदिदास (१९४९) अशा दोन कंपन्या उभ्या राहिल्या. ओरेगनमधले धावण्याचे प्रशिक्षक आणि नायकेचे एक संस्थापक बिल बॉवरमन यांना घरच्या वॉफलच्या साच्यावरून तळव्याची चौकटीदार नक्षी सुचली. नायकेचे आज जगभर ओळखले जाणारे चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने काढले. त्याचे तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीने पुढे तिला शेअर देऊन या कामाची दखल घेतली, पण मूळ रक्कम त्या काळी रेखनाला किती किंमत होती ते सांगते.

स्नीकरच्या रचनेचे मोल करायचे तर तो बनतो कसा हे आधी पाहावे लागते. बूट ज्यावर चढवून घडवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याला फर्मा म्हणतात. चवड्याची गोलाई, टाचेची पकड, एकूण बांधा हे सारे तिथे ठरते. फर्म्यावर वरचे अंग, म्हणजे अप्पर, ताणून बसवतात. त्याखाली फोमचा मधला तळ आणि जमिनीला लागणारा रबरी तळ येतो. तळासाठी प्रत्येक मापाचा आणि डाव्या-उजव्या पायाचा निराळा धातूचा साचा लागतो, आणि तो महाग पडतो. त्या मानाने अप्परचे कापड, चामडे, रंग बदलणे स्वस्त. कंपन्या बाहेरच्या कलावंताला बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा जुने, खपलेले मॉडेल त्याच्यापुढे ठेवतात आणि नवी रंगसंगती मागतात, त्याचे मूळ या हिशेबात आहे. गेल्या ४० वर्षांतली स्नीकर आणि कलेची भागीदारी तपासताना म्हणूनच एक कसोटी उपयोगी पडते : कलावंताचा हात बुटाच्या घडणीपर्यंत पोहोचला, की रंगापाशी थांबला?

घडणीचा विचार बाहेरच्या कलेतून आणणारा पहिला मोठा रेखनकार कंपनीच्या आतलाच होता. टिंकर हॅटफिल्ड यांचे शिक्षण वास्तुकलेचे. १९८१ मध्ये ते नायकेत आले ते इमारतींच्या कामासाठी. बुटांकडे ते नंतर वळले. फ्रँक रूडी या अवकाश-अभियंत्याच्या कल्पनेतून आलेली वायूने भरलेली पिशवी तेव्हा नायकेच्या तळांत होती, पण ती फोममध्ये दडलेली, पाहणाऱ्याला न दिसणारी. हॅटफिल्ड यांनी पॅरिसमधले पॉम्पिदू केंद्र पाहिले. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांच्या या इमारतीत पाण्याचे नळ, हवेच्या वाहिन्या, सरकते जिने असे सगळे पोटातले सामान रंगवून बाहेर मांडलेले आहे. त्या दर्शनातून १९८७ चा ‘एअर मॅक्स १’ आला. मधल्या तळाला खिडकी पाडून आतली पिशवी उघडी केलेली, आणि नजर तिथे जावी म्हणून बुटाच्या कडेने लाल पट्टा. कंपनीत या कल्पनेला कडवा विरोध झाला. तळाला भोक पाडलेला बूट कोण घेईल, ही शंका स्वाभाविक होती. इथे वास्तुकलेतली कल्पना सजावट म्हणून न येता तळ बनवण्याची रीतच बदलून गेली. कलेची सरमिसळ म्हणतात ती या दर्जाची फार थोड्या वेळा झाली आहे.

पुढच्याच वर्षीचा ‘एअर जॉर्डन ३’ ही हॅटफिल्ड यांचीच करामत. पहिल्या जॉर्डनचे (१९८५) रेखनकार पीटर मूर तोवर कंपनी सोडून गेले होते आणि मायकेल जॉर्डन स्वतः निघण्याच्या बेतात होता. हॅटफिल्ड यांनी त्याला काय हवे ते विचारले. नेहमीपेक्षा थोडा कमी उंचीचा आणि मऊ चामड्याचा, घालताक्षणी पायात बसणारा बूट त्याला हवा होता. तसा तो झाला, वर हत्तीच्या कातडीसारखी करडी नक्षी घेऊन. खेळाडूशी असे बोलून बूट घडवणे हीसुद्धा भागीदारीच, आणि पुढे गाजलेल्या अनेक नामांकित भागीदाऱ्यांपेक्षा ती खरी होती.

याच सुमारास स्नीकरला दुसरा अर्थ रस्त्यावर मिळत होता. न्यू यॉर्कच्या रन-डीएमसी या रॅप गटाने आदिदासचा ‘सुपरस्टार’ नाडीविना घालून १९८६ मध्ये त्याच्यावर गाणेच केले, आणि खेळाच्या कंपनीने प्रथमच गायकांशी मोठा करार केला. फ्युचुरा आणि स्टॅश हे भिंतींवर रंगवणारे चित्रकार पुढे नायकेसाठी बूट करू लागले ते याच वातावरणातून. तोक्योत हिरोशी फुजिवारा यांनी अमेरिकी वस्तूंकडे संग्राहकाच्या नजरेने पाहायला शिकवले. २००२ पासून हॅटफिल्ड आणि मार्क पार्कर यांच्यासह त्यांनी ‘एचटीएम’ या नावाने थोड्या संख्येचे बूट काढले. चामड्याचा पोत आणि शिलाईचा दर्जा हा सुरुवातीला त्यांचा विषय होता.

‘डंक’ या १९८५ च्या बास्केटबॉल बुटाला २००२ मध्ये नायकेने स्केटबोर्डसाठी पुन्हा काढले आणि लहान दुकानांना, चित्रकारांना त्याचे अंग रंगवायला दिले. पॅरिससाठीच्या डंकवर बर्नार बुफे यांच्या चित्रांचे कापड कापून लावले होते. काप कुठून गेला त्यावर जोडाचे रूप ठरे, त्यामुळे सुमारे २०० जोडांत कोणतेही दोन सारखे नव्हते. न्यू यॉर्कसाठी जेफ स्टेपल यांनी २००५ मध्ये शहरातले कबूतर निवडले : करडे अंग, पायांच्या रंगाचा तळ, टाचेजवळ भरतकामातला पक्षी. केवळ १५० जोड निघाले. दुकानाबाहेर इतकी झुंबड उडाली की पोलीस आले आणि गोष्ट वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर गेली. या दोन्ही बुटांत कल्पना आहे, नजर आहे. घडण मात्र १९८५ चीच राहिली. आणि त्या दिवसाच्या गर्दीने कंपन्यांना जो धडा दिला तो रेखनाचा नसून टंचाईचा होता. पुढच्या २० वर्षांवर त्याची सावली आहे.

व्हर्जिल ॲब्लो यांनी २०१७ मध्ये ‘ऑफ-व्हाइट’ या आपल्या नाममुद्रेतर्फे नायकेची दहा मॉडेल घेऊन ‘द टेन’ हा संच काढला. हे काम गेल्या काही दशकांतले सर्वांत चर्चित, आणि चर्चेला पात्रही. ॲब्लो यांनी स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला शिकलेली. त्यांनी नवे साचे मागितले नाहीत. आहे तो बूट उसवून दाखवला. जिभेतला फोम उघडा ठेवला, कंपनीचे चिन्ह ठळक टाक्यांनी वरवर टाचले, नाड्यांवर इंग्रजीत ‘नाड्या’ असे छापले, अंगावर मॉडेलचे नाव, गाव आणि साल संग्रहालयातल्या पाटीप्रमाणे लिहिले, आणि वर एक प्लास्टिकची लाल पट्टी अडकवली. तयार वस्तूत थोडासाच बदल करून ती नव्याने बघायला लावायची ही रीत त्यांनी मार्सेल द्युशांकडून घेतली होती आणि ते ती उघडपणे मान्य करत. मॉडेल जुनेच असूनही हे काम रंगापाशी थांबत नाही, कारण त्याचा विषयच बुटाची घडण हा आहे. कारखाना जे झाकतो ते इथे पाहणाऱ्यापुढे येते. पुढे ॲब्लो लुई व्हितॉंचे पुरुषवस्त्रांचे कला-संचालक झाले. शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयाने २०१९ मध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या मागे उघडा फोम, वेडेवाकडे टाके आणि अवतरणचिन्हे यांची नक्कल सर्वत्र झाली. नकलेत विचार गळून गेला, खुणा तेवढ्या उरल्या.

शिल्पकार टॉम सॅक्स यांची वाट वेगळी. नामांकित कंपन्यांच्या वस्तू प्लायवूड-पुठ्ठ्यात, डिंक आणि स्क्रू न लपवता पुन्हा बनवणे हा त्यांचा जुना कलाविषय. २०१२ मध्ये न्यू यॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यू आर्मरीत त्यांनी मंगळमोहिमेचे भव्य मांडणशिल्प उभारले, तेव्हाच नायकेसह ‘मार्स यार्ड’ बूट आला. मंगळावर अवकाशयाने उतरवताना वापरलेल्या हवाई पिशव्यांचे ‘व्हेक्ट्रन’ हे धाग्याचे कापड त्याच्या अंगाला होते. पायात वाकून वाकून हे कापड विरू लागले. मग २०१७ च्या आवृत्तीत ते काढून जाळीदार पॉलिएस्टर आले, तळाची नक्षीही शहरातल्या रस्त्यांसाठी बदलली. कलाकृती वापरून पाहायची, जिथे फाटेल तिथे सुधारायची आणि ती दुरुस्ती लपवायची नाही, हा शिल्पशाळेतला शिरस्ता बुटात आला. सहकार्य म्हणावे ते याला.

बाकीचा मोठा भाग छपाईचा आहे. कॉज यांचा करड्या स्वेडचा, अंधारात चमकणारा ‘जॉर्डन ४’ (२०१७) आणि ताकाशी मुराकामींची फुले-कवट्या घेतलेले व्हॅन्स (२०१५) यांत निदान जिवंत कलावंताची संमती आणि निवड आहे. बास्किया आणि कीथ हॅरिंग यांच्या रेषा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर वारसांच्या परवान्यावर रीबॉक, कॉन्व्हर्स अशा बुटांवर फिरत राहिल्या. वॉरहॉल यांची चित्रेही कॉन्व्हर्सवर आली. याच वॉरहॉल यांनी १९५० च्या दशकात न्यू यॉर्कच्या आय. मिलर या बूटविक्रेत्यासाठी शाईने शेकडो पादत्राणे रेखाटली होती. त्या रेखाटनांत बुटाच्या वळणाचे जे प्रेम आहे, ते सूपच्या डब्यांचे चित्र छापलेल्या कापडी बुटात शोधून सापडत नाही.

पुनर्विक्रीच्या बाजाराने हे थिटेपण झाकले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टॉकएक्सने बुटांचे भाव शेअरसारखे फलकावर आणले. सदबीज या लिलावगृहाने २०१९ मध्ये नायकेचा १९७२ चा ‘मून शू’ ४,३७,५०० डॉलरला विकला. २०२२ मध्ये ॲब्लो यांनी लुई व्हितॉंसाठी केलेल्या ‘एअर फोर्स १’ च्या २०० जोडांना मिळून सुमारे अडीच कोटी डॉलर आले. ते त्यांच्या नावाच्या शिष्यवृत्ती निधीला गेले, ही त्यातली समाधानाची बाब. पण बूट डब्यातच राहणार असेल तर तो पायाला कसा बसतो याची कोणाला फिकीर? नायकेने २०२१ मध्ये आभासी बूट बनवणारी आर्टिफॅक्ट ही कंपनी घेतली आणि तीन वर्षांतच ती बंद करत असल्याचे जाहीर केले. पाय वगळलेल्या स्नीकरची ती परिसीमा होती.

श्रेयाचा प्रश्न याहून जुना आणि गंभीर आहे. कान्ये वेस्ट आणि आदिदासच्या ‘यीझी’ बुटांमागे स्टीव्हन स्मिथ यांच्यासारखे मुरलेले रेखनकार होते. १९९४ चा रीबॉक ‘इन्स्टापंप फ्युरी’ हे त्यांचेच काम, पण दुकानात नाव एकाच माणसाचे. वेस्ट यांच्या ज्यूद्वेषी वक्तव्यांनंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये आदिदासने करार मोडला आणि अनेकांचे काम एका नावासह वादात सापडले. याउलट सलेहे बेंबरी यांनी औद्योगिक रेखनाच्या शिक्षणानंतर वर्षानुवर्षे कंपन्यांत काम केले आणि मग स्वतःच्या नावावर बूट काढले. क्रॉक्ससाठीचा त्यांचा ‘पॉलेक्स’ (२०२१) बोटाच्या ठशाच्या वळ्यांनी घडला आहे. त्या वळ्या छापलेल्या नाहीत, साच्यातूनच उमटल्या आहेत.

दुसऱ्याच्या बुटावर कलावंताचा हक्क किती, हे न्यायालयांपुढेही गेले. ब्रुकलिनच्या मिस्चिफ या कलागटाने २०२१ मध्ये नायकेचे ‘एअर मॅक्स ९७’ विकत घेऊन, तळात रक्ताचा थेंब घालून ६६६ जोड काढले. नायकेने दावा लावला, तडजोड झाली. व्हॅन्सचा बूट लाटेसारखा वाकवलेल्या त्यांच्या ‘वेव्ही बेबी’ प्रकरणात अमेरिकी अपील न्यायालयाने २०२३ मध्ये विक्रीवरील मनाई कायम ठेवली : विडंबन असले तरी ग्राहकाचा गोंधळ होत असेल तर कलास्वातंत्र्याचे विशेष संरक्षण नाही. निर्णय कायद्याला धरून असेल. कलेचे त्यात नुकसान झाले. वाकवलेला तो तळ हा त्या वर्षांतल्या मोजक्या अस्सल आकारांपैकी एक होता.

भारतात हा विषय दोन बाजूंनी आला. २०२१ मध्ये आशय भावे यांच्या ‘थैली’ने टाकाऊ प्लास्टिक पिशव्या एकमेकींवर दाबून चामड्यासारखा पत्रा तयार केला आणि त्याचा स्नीकर शिवला, एका जोडाला दहा पिशव्या आणि बारा बाटल्या लागतात. इथे साहित्य हीच कल्पना आहे. दुसरी घटना स्नीकरची नाही, पण श्रेयाची म्हणून इथलीच. जून २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडाने कोल्हापुरी चपलेच्या घाटाच्या चपला कारागिरांचे नाव न घेता दाखवल्या. २०१९ पासून भौगोलिक मानांकन असलेल्या या चपलेसाठी महाराष्ट्रात संताप उसळला. कंपनीने मूळ मान्य केले आणि वर्षअखेरीस महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. ‘कोलॅब’ शब्दाच्या जगभर चाललेल्या उदोउदोत, घाट कोणाचा हे सांगायला संतापाची गरज पडावी हे खेदाचे आहे.

साच्याचा जुना हिशेब आता उत्पादनाच्या बाजूनेच ढासळू लागला आहे. त्रिमितीय छपाईत धातूचा साचा लागत नाही. संगणकातला आराखडा बदलला की पुढचा जोड निराळा निघतो. झेलरफेल्ड ही कंपनी अख्खा बूट एकाच लवचिक द्रव्यात, शिलाई-डिंकाविना छापते आणि स्वतंत्र रेखनकारांचे आराखडे घेते. २०२४ च्या अखेरीस नायकेने तिच्याबरोबर ‘एअर मॅक्स १०००’ दाखवला : हॅटफिल्ड यांच्या १९८७ च्या बुटाचा आकार, छापील अंगात, टाचेखाली तीच हवेची पिशवी. नव्या यंत्रासाठी नायकेने निवडले ते पुन्हा जुनेच मॉडेल. त्याच यंत्रावर कोणाही मोठ्या कंपनीशी संबंध नसलेल्या तरुण रेखनकारांचे बूट आज छापले जात आहेत, आणि आकारातली खरी धिटाई सध्या त्यांच्याकडे दिसते.