चवीची बिअर आणि ज्वारीचा मुलूख

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमापट्ट्यात बिअर म्हणजे ६५० मिलिलिटरची बाटली, फ्रीजरमध्ये गोठायला आलेली आणि लेबलावर ‘स्ट्राँग’ लिहिलेली. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं: गार आहे का आणि चढते का. चवीचा विषय निघत नाही. हे या भागापुरतंच नाही. देशभर खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा स्ट्राँगचाच आहे. पण ज्या मुलखात भाकरीचा पहिला घास घेताच पीठ ताजं की शिळं हे घरातलं पोरही सांगतं, हुरडा कोणत्या रानातला गोड यावर वाद होतात, तिथे बिअरसमोर जीभ इतकी मुकी का व्हावी? क्राफ्ट बिअरच्या गेल्या पंधरा-सोळा वर्षांचा हिशेब मांडताना मला हाच प्रश्न कळीचा वाटतो. या काळात चांगली बिअर बनवणारे तयार झाले, ती चाखणारे मात्र त्या वेगाने तयार झाले नाहीत.

महाराष्ट्रात सुरुवात पुण्यातून झाली. २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी उभी राहिली आणि जागेवर बनवलेली, न गाळलेली, ताजी बिअर मराठी शहरात पहिल्यांदा प्याल्यात आली. बंगळुरूत २०१० मध्ये टोइट, २०१२ मध्ये आर्बर ब्रूइंग कंपनी आली. २०१४ च्या सुमारास पुण्यात इंडिपेंडन्स आणि डोंबिवलीत गेटवे यांनी काम सुरू केलं. मागोमाग हैदराबादेतही मायक्रोब्रुअरी दिसू लागल्या. बिदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरच्या आत आहे, तरी ती बिअर इकडे पोचत नाही, कारण मायक्रोब्रुअरीची बिअर बहुधा पाश्चराइज केलेली नसते. ती जिथे बनते तिथेच प्यायची असते. प्रवासाने आणि उन्हाने ती बिघडते. म्हणजे या कलेचं केंद्र महानगरात राहणं हे काही अंशी तिच्या स्वभावातच आहे.

बनलेल्या मालाकडे पाहिलं तर सगळीकडे गव्हाच्या बिअरचं राज्य दिसतं. जर्मन पद्धतीची हेफेवायझन आणि संत्र्याची साल, धणे घातलेली बेल्जियन विट. कारण उघड आहे: कडवटपणा कमी, अंगाला गोडसर, पहिल्यांदा पिणाऱ्याला परकी वाटत नाही. गेटवेची व्हाइट झेन किंवा टोइटची वाइस यांनी हजारो लोकांना स्ट्राँगच्या बाटलीपासून सोडवलं, हे श्रेय मोठं आहे. पण पहिली पायरी हेच घर मानून बसण्याची सवय आता खटकते. यादीत आठ नावं असतात आणि त्यांतल्या तीन-चार गव्हाच्याच बिअरच्या बहिणी निघतात.

दुसरा कल फळांचा. आंबा घातला की बिअर भारतीय होते, अशी समजूत आहे. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, मागे उरतो तो नुसता वास. मग गोडी वरून आणावी लागते आणि प्याल्यातलं पेय सरबताकडे झुकतं. कोकमाचं तसं होत नाही. कोकम आंबट आहे, त्याची आंबटाई आंबवण्यात मरत नाही, आणि जर्मनीतल्या गोझे या खारट-आंबट बिअरच्या चौकटीत ते नेमकं बसतं. पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ घातलेली कोकम एल केली, ती म्हणूनच पटते. टोइटच्या बासमती ब्लाँडमध्येही धान्यच बिअरच्या अंगात उतरतं. वरून शिंपडलेल्या स्वादापेक्षा ही वाट मला खरी वाटते.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, तिच्यात निराशा जास्त. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची एल कलकत्त्याला येत असे आणि त्या व्यापारातून या प्रकाराला हिंदुस्थानचं नाव चिकटलं. पण बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी हॉप्सची फुलं आपल्याकडे बहुतेक आयात होतात आणि त्यांचा सुगंध फार लवकर उडतो. मग हाती येते ती नुसती कडू बिअर. लागरची गोष्ट आणखी वेगळी. ती करायला सगळ्यांत अवघड, कारण दोष झाकायला तिच्यात जागाच नसते, आणि आठवडेच्या आठवडे टाकी अडवून ठेवावी लागते. त्यामुळे अनेक ठिकाणी ती टाळली जाते. ज्या ब्रुअरीची साधी लागर स्वच्छ असते, तिच्या बाकीच्या बिअरवर मी डोळे झाकून विश्वास ठेवतो.

चाखायचं कसं, हे हेफेवायझनवरच शिकावं. प्याला स्वच्छ हवा. तेलकट काचेवर फेस टिकत नाही. बिअर फार गार नको, आठ अंशांच्या आसपास असावी, कारण त्याखाली जीभ बधिर होते आणि वास वर येत नाही. आधी पाहायचं: रंग गढूळ सोनेरी, फेस दाट. मग प्याला हलकेच फिरवून नाक जवळ न्यायचं. पिकल्या केळ्याचा वास येतो, त्यामागे लवंग. यात केळं नाही, लवंगही नाही. ही करामत यीस्टची. आंबवताना तापमान वाढू दिलं की बहुधा केळं पुढे येतं, आवरून धरलं तर लवंग. म्हणजे एका हुंगण्यात ब्रुअरच्या हाताची पारख होते. मग छोटा घोट, तोंडभर फिरवून. गव्हाचा मऊपणा, किंचित आंबूसपणा, आणि गिळल्यावर काय उरतं ते. चिकट गोडी उरली तर काम अर्धवट झालं आहे.

दोष ओळखणं हे यापेक्षाही महत्त्वाचं. लोण्याचा वास येत असेल तर बहुधा यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून बिअर जुनी झाली. उकडलेल्या मक्याचा वास उकळी कमी पडल्याची खूण. हिरव्या बाटलीतून येणारा उग्र दर्प उन्हाचा. हे वास सांगायला परका शब्दकोश लागत नाही. खमंग, करपट, तुरट, आंबूस, खवट, कुबट, उग्र हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात रोज वापरात आहेत. स्टाउट या काळ्या बिअरमधला भाजलेल्या माल्टचा करपट-खमंगपणा तर चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा खाणाऱ्याला चटकन कळावा.

या मुलखाला चाखणं नवं नाही. शिंदीच्या झाडाचा रस पहाटे उतरवला की गोड लागतो, उन्हं चढली की फसफसतो, दुपारी आंबट होतो, संध्याकाळी शिरक्याकडे झुकतो. कुठल्या वेळची, कुठल्या झाडाची, मडकं धुतलं होतं की नाही, हे जुने जाणकार एका घोटात सांगत. बसवेश्वरांच्या कल्याणमध्ये हेंडद मारय्या हे वचनकार शरण होते, ज्यांचा व्यवसायच हेंड म्हणजे ताडी-शिंदी विकण्याचा होता. पुढे निजामी राजवटीत हेच पेय अबकारी उत्पन्नाचं मोठं साधन बनलं, आणि म्हणूनच हैदराबाद मुक्तीच्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रह ठरला. आज कल्याण कर्नाटकात शिंदी काढायला बंदी आहे. ती उठवावी ही परंपरेने शिंदी काढणाऱ्या ईडिग समाजाची मागणी आहे. शेजारच्या तेलंगणात परवाना आहे, पण तिथे क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलमच्या भेसळीने माणसं दवाखान्यात आणि स्मशानात गेली आहेत. नशा पावडरीतून येऊ लागली की रसाची चव कुणी विचारत नाही. स्ट्राँग बिअरने बाटलीत केलं ते भेसळीने मडक्यात, जास्त क्रूरपणे केलं.

आता ज्वारी. कलबुर्गी-बिदरच्या काळ्या रानातलं हे धान्य बिअरला चालतं, हे आफ्रिकेने कधीच सिद्ध केलं आहे. दक्षिण आफ्रिकेची उमकोंबोथी घरोघर बनते. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केल्यावर तिथल्या मोठ्या कंपन्या ज्वारीवर लागर आणि स्टाउट बनवू लागल्या. काम सोपं नाही. ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून कोंब आणि मुळ्या चोळून काढाव्या लागतात, कारण कोवळ्या कोंबात सायनाइड सोडणारं धुरिन असतं. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं त्याचं कारणही हेच. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून ती आधी वेगळी शिजवून, निववून मग माल्टमध्ये मिसळावी लागते. ज्या घरात नाचणीचं सत्त्व होतं, आंबील होते, त्या घराला यातलं बरंच काही ओळखीचं आहे.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरं या पट्ट्यात कमी नाहीत, आणि ते विसरून बिअरचं कौतुक करणं मला मान्य नाही. पण चव शोधणारा माणूस सावकाश पितो, कमी पितो, आणि वाईट माल परत करतो. नशेचा बाजार नेमका याच माणसाला घाबरतो.

म्हणून माझा निर्वाळा असा: भारतीय क्राफ्ट बिअर हातात कसबी आहे, विचारात अजून भित्री. तिने आंब्याचा सोस कमी करावा, साध्या लागरची लाज राखावी आणि एकदा तरी कलबुर्गीची ज्वारी नावासकट प्याल्यात उतरवावी. आणि पिणाऱ्याने, तो हैदराबादेत असो की पुण्यात, पुढच्या वेळी ‘किती टक्के?’ विचारण्याआधी प्याला नाकाशी नेऊन ‘कशाची आहे, कधी बनवली?’ एवढं विचारावं.