त्रिरश्मीचा शिलालेख आणि युरोपची सरंजामशाही: एक पुरावा तपासून पाहू

‘भारतीय सरंजामशाही’च्या वादातला एक कळीचा पुरावा आपल्या नाशिकचा आहे. सातपूरपासून जवळच असलेलं गोवर्धन म्हणजे सातवाहनकाळी अमात्याचं ठाणं. तिथल्या अमात्याला गौतमीपुत्र सातकर्णीने धाडलेले दोन हुकूम पांडवलेणीतल्या लेणे क्र. ३ मध्ये कोरलेले आहेत.

रा. श. शर्मा यांच्या ‘इंडियन फ्यूडलिझम’मध्ये (१९६५) या दानाला मोठं वजन आहे. भिक्षूंना दिलेल्या जमिनीत सैनिकांनी शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही, अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही, अशा सवलती लेखात आहेत. राजाने प्रशासकीय हक्क सोडल्याची ही बहुधा पहिली नोंद, असं शर्मा म्हणतात. इथून पुढे सत्ता हळूहळू जमीनधारकांच्या हाती गेली, ही त्यांची मांडणी.

शर्मांचं मोठेपण नाकारायचं कारण नाही. राजांच्या याद्या बाजूला सारून त्यांनी जमीन आणि कसणारा यांच्याकडे लक्ष वेधलं. पण हा एक पुरावा जरा उलटून पाहू.

युरोपात मेरोविंजियन आणि कॅरोलिंजियन राजे मठांना अशाच सवलती देत. राजाच्या अधिकाऱ्याने मठाच्या जमिनीत जाऊन न्याय करायचा नाही, दंड वसूल करायचा नाही. पण त्या व्यवहाराची दुसरी बाजूही होती. दंडाचं उत्पन्न आणि न्यायाचं काम मठाकडे येई. म्हणजे एकाने सोडलं ते दुसऱ्याने घेतलं. नाशिकच्या लेखात पहिली बाजू स्पष्ट आहे. भिक्षूंनी न्यायनिवाडा करावा किंवा दंड घ्यावा, असं तिथे कुठेही नाही. ती बाजू आपण अंदाजाने भरतो.

आता दुसरा हुकूम शेजारी ठेवा. पहिला राज्यवर्ष १८ चा, पश्चिम काखडी गावातल्या २०० निवर्तनं शेताचा. दुसरा वर्ष २४ चा, राजा आणि राजमाता यांच्या नावाचा. त्यात म्हटलंय की काखडीतलं दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजकीय जमिनीतून १०० निवर्तनं द्यावीत. सवलती आहेत, पण नांगर धरायला माणूस नाही! गाव ओस का पडलं, हे लेख सांगत नाही. पण जमिनीबरोबर कसणारी माणसंही बांधून दिली होती, असं यातून मुळीच दिसत नाही. उलट अडचण सोडवायला पुन्हा राजाच लागतो.

हरबन्स मुखिया यांनी १९७९ मध्ये हाच मुद्दा व्यापक पातळीवर मांडला: युरोपातल्या भूदासासारखा बांधलेला शेतकरी भारतात सर्वसाधारणपणे नव्हता, मग सरंजामशाही कशी म्हणायची? शर्मांनी १९८५ मध्ये उत्तर दिलं. त्यांचा मुख्य आधार नंतरचे ताम्रपट आहेत, आणि काहींत गावासोबत रहिवासीही दिलेले दिसतात. त्यामुळे एका नाशिकच्या लेखाने त्यांचं पुस्तक कोसळत नाही. पण सुरुवातीची पायरी डळमळते, हे मात्र खरं.

गंमत म्हणजे ज्या मापाने आपण मोजतोय ते मापच युरोपात वादात आहे. एलिझाबेथ ब्राउन यांनी १९७४ मध्ये आणि सुझन रेनल्ड्स यांनी १९९४ मध्ये ‘फ्यूडलिझम’ या साच्यावरच बोट ठेवलं. मराठीत तर गोंधळ दुहेरी. आपण वापरतो तो ‘सरंजाम’ मराठेशाहीतला, फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेल्या महसुलाचा. त्या एका शब्दात युरोपची फीफ, पेशवाईतला सरंजाम आणि सातवाहनांचं दान कोंबलं, की तिन्हींतले फरक दिसेनासे होतात.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘सरंजामशाही’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा: कोणता हक्क सोडला? तो नेमका कुणी घेतला? आणि कसणाऱ्याचं काय झालं? तिसऱ्याचं उत्तर लेखात नसेल, तर तसं सरळ लिहा. गाईड खोदून विचारतीलच. व्हायवाला तर नक्कीच विचारतील.